ध्रुवप्रदेशातील रासायनिक प्रदूषण आणि एरिक देवाई यांचे संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एरिक देवाई कोण होते आणि त्यांना नेमके काय आढळले?

एरिक देवाई हे कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील लाव्हाल विद्यापीठात संशोधन करणारे डॉक्टर आणि साथरोगशास्त्रज्ञ होते. १९८० च्या दशकात ते प्रांतातील मातांच्या दुधात पीसीबी, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल या गटातील औद्योगिक रसायने किती प्रमाणात उतरतात, याची पाहणी करत होते. दक्षिणेकडील शहरी भागातील आकड्यांशी ताडून पाहण्यासाठी त्यांना एखादा स्वच्छ प्रदेश हवा होता. हडसन आणि उंगावा या उपसागरांच्या काठी वसलेला नुनाविक हा इनुइट या आर्क्टिकमधील मूलनिवासी लोकांचा प्रदेश त्यासाठी सर्वांत योग्य वाटला, कारण तिथे कारखाने नाहीत, शेती नाही आणि दक्षिणेकडून तिथवर जाणारा रस्तासुद्धा नाही. प्रत्यक्षात तिथल्या मातांच्या दुधात पीसीबीचे प्रमाण दक्षिण क्युबेकमधील मातांपेक्षा सुमारे पाचपट निघाले. हा निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर आयुष्यभर देवाई उत्तरेतील लोकांचे आरोग्य आणि त्यांचे अन्न यांवर काम करत राहिले. २०१४ मध्ये रियुनियन बेटावर अपघातात त्यांचे निधन झाले.

तपासणीसाठी आईचे दूधच का निवडले गेले?

पीसीबी, डीडीटी यांसारखी रसायने पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, परंतु चरबीत सहज मुरतात आणि शरीराबाहेर पडायला त्यांना अनेक वर्षे लागतात. दुधात चरबी असल्यामुळे आईच्या शरीरात आजवर साठलेल्या रसायनांचे प्रतिबिंब त्यात उमटते. शिवाय सुई न टोचता, थोड्याशा दुधावर चाचणी करता येते. यामागे आणखी गंभीर कारणही आहे. हे दूध बाळाचा पहिला आहार असल्याने आईने अनेक वर्षांत साठवलेला भार काही महिन्यांत त्याच्या शरीरात जाऊ लागतो. तरीही देवाई आणि तिथल्या आरोग्य यंत्रणेने स्तनपान थांबवण्याचा सल्ला दिला नाही, कारण आईच्या दुधाचे फायदे या धोक्यापेक्षा मोठे आहेत असे त्यांचे स्पष्ट मत होते. प्रदूषणाच्या बातम्या वाचून एखाद्या आईने दूध पाजणे थांबवू नये, असे आम्हीही आग्रहाने सांगू इच्छितो.

उत्तरेत कारखाने नाहीत, तर ही रसायने तिथे पोहोचली कशी?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वाधिक येतो. याचे उत्तर या रसायनांच्या बाष्पशीलतेत आहे. ती पेट्रोलसारखी झटकन उडून जात नाहीत आणि मिठासारखी जागच्या जागीही राहत नाहीत, तर उष्ण हवामानात हळूहळू वाफ होऊन हवेत मिसळतात आणि थंडी लागली की माती, पाणी, बर्फ किंवा झाडांच्या पानांवर पुन्हा बसतात. भाताच्या पातेल्यावरील झाकणाला आतून पाणी धरते, तसेच काहीसे इथे पृथ्वीच्या थंड टोकांवर घडते. उन्हाळा आला की बसलेले रसायन पुन्हा उडते, वाऱ्याबरोबर थोडे पुढे जाते आणि पुन्हा बसते. असे टप्पे घेत काही रेणू कित्येक वर्षांनी ध्रुवप्रदेशात पोहोचतात. तिथल्या थंडीत ते पुन्हा उडण्याची शक्यता कमी असते आणि हिवाळ्याच्या दीर्घ अंधारात सूर्यप्रकाशाने त्यांचे विघटनही होत नाही, त्यामुळे ते तिथेच साचत जातात.

फ्रँक वानिया आणि डॉन मॅके या टोरांटो विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी १९९३ मध्ये ही प्रक्रिया सुसंगतपणे मांडली. प्रत्येक रसायनाची उडण्याची क्षमता वेगळी असल्यामुळे ती अक्षांशानुसार वेगवेगळी होत जातात, म्हणजे जड रेणू उगमाच्या जवळपास राहतात आणि हलके रेणू दूर उत्तरेपर्यंत जातात, हा त्यांच्या मांडणीतील महत्त्वाचा भाग होता. सगळी वाहतूक अशी टप्प्याटप्प्याने होते असे मात्र नाही. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला युरोप व आशियातील दूषित हवा काही दिवसांतच थेट आर्क्टिकवर येऊन ठेपते. सागरी प्रवाहसुद्धा रसायने वाहून नेतात, फक्त त्यांना अधिक काळ लागतो.

म्हणजे तिथे स्थानिक प्रदूषण मुळीच नाही का?

आहे. शीतयुद्धाच्या काळात, १९५० च्या दशकात, अलास्कापासून कॅनडाच्या उत्तरेकडे रडार केंद्रांची लांबच लांब साखळी उभारण्यात आली. त्यांपैकी अनेक केंद्रांच्या परिसरातील मातीत पीसीबी आढळले आणि त्यांची साफसफाई अनेक वर्षे चालली. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील रशियन खाणवस्त्यांमधल्या जुन्या इमारतींच्या रंगातही पीसीबी आहेत. अंटार्क्टिकात अमेरिकेच्या मॅकमर्डो तळाजवळच्या खाडीच्या तळाशी असलेल्या गाळातही ती सापडली आहेत. अशा ठिकाणांचा परिणाम बहुधा आसपासच्या काही किलोमीटरपुरता राहतो. नुनाविकमधील मातांच्या शरीरातील भार मात्र मुख्यतः दुरून आलेल्या आणि अन्नातून शरीरात गेलेल्या रसायनांचा आहे.

हवेत आणि समुद्रात त्यांचे प्रमाण नगण्य असताना माणसाच्या शरीरात ते इतके कसे वाढते?

समुद्रातील सूक्ष्म शेवाळ पाण्यातील रसायने शोषून घेते. शेवाळ खाणारे बारीक कवचधारी जीव, त्यांना खाणारे छोटे मासे, छोटे मासे खाणारे सील, आणि सील खाणारे अस्वल किंवा माणूस, अशी ही साखळी चढत जाते. अन्नातील ऊर्जा प्रत्येक पायरीवर खर्च होते, परंतु न विघटणारे रसायन चरबीत तसेच राहते, आणि म्हणून वरच्या पायरीवर त्याचे प्रमाण वाढते. आर्क्टिकमधील प्राण्यांना थंडीमुळे कातडीखाली चरबीचा जाड थर लागतो, तिथली सागरी अन्नसाखळी लांब आहे आणि शिकारी प्राणी दीर्घायुषी आहेत. रसायने साठण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती कल्पिणे कठीण आहे.

नुनाविकमध्ये बेलुगा हा पांढरा देवमासा किनाऱ्यावर ओढून आणला की त्याची कातडी खालच्या चरबीसह चौकोनी तुकड्यांत कापली जाते. मत्ताक नावाचा हा पदार्थ बहुधा कच्चाच खाल्ला जातो. कातडीत जीवनसत्त्व क असते, चरबीत ओमेगा-३ मेदाम्ले असतात, आणि त्याच चरबीत पीसीबीही असतात. एकाच तुकड्यात पोषण आणि प्रदूषण अशा रीतीने मिसळलेले असणे, हा या संपूर्ण विषयातील सर्वांत अवघड भाग आहे.

आरोग्यावर काय परिणाम दिसले?

देवाई आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या इनुइट बाळांचा क्लोरीनयुक्त प्रदूषकांशी अधिक संबंध आला होता त्यांच्यात कानाच्या मधल्या भागाच्या संसर्गाचे प्रमाण जास्त दिसले. त्यामुळे ही रसायने रोगप्रतिकारशक्तीवर परिणाम करतात, या शंकेला बळ मिळाले. पुढे नुनाविकमधील मुलांचा जन्मापासून शालेय वयापर्यंत पाठपुरावा करण्यात आला, तेव्हा याच अन्नातून येणाऱ्या पाऱ्याचा गर्भावस्थेतील संपर्क आणि पुढे शाळेत दिसणारी लक्ष एकाग्र न होण्याची लक्षणे यांत संबंध आढळला.

हे परिणाम विषबाधेसारखे ठळक नसतात. एखाद्या मुलाकडे पाहून कोणताही डॉक्टर पीसीबीचे निदान करू शकत नाही, कारण फरक दिसतो तो शेकडो मुलांच्या सरासरीत. घरातील परिस्थिती, धूम्रपान, आहार, शिसे अशा इतर कारणांचा प्रभाव वेगळा काढणे हे संशोधकांपुढचे खरे आव्हान असते.

मग तिथले लोक हे अन्न खाणे बंद का करत नाहीत?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यामागे अन्न म्हणजे दुकानातून निवडून आणायची वस्तू असे गृहीत धरलेले असते. नुनाविकमध्ये दुकानातील माल विमानाने किंवा उन्हाळ्यात जहाजाने येतो आणि तो अतिशय महाग असतो. ताजी भाजी व फळे कमी मिळतात, उलट साखर घातलेली पेये आणि टिकाऊ पाकीटबंद पदार्थ सहज मिळतात. सील आणि देवमासा सोडून या पदार्थांकडे वळणे म्हणजे मधुमेह, लठ्ठपणा आणि हृदयविकार यांना आमंत्रण देणे होय. शिवाय शिकार ही तिथे सामूहिक गोष्ट आहे. मांस शेजारीपाजारी, वृद्धांच्या घरी आणि गावाच्या सामायिक शीतगृहात वाटले जाते, आणि शिकारीबरोबर भाषा, बर्फाची पारख व हवामानाचे ज्ञान पुढच्या पिढीकडे जाते.

देवाई यांच्या कामाचे मोठेपण आम्हाला इथेच जाणवते. धोक्याचा आकडा पहिल्यांदा जगासमोर आणणाऱ्या याच माणसाने नंतर त्याच अन्नातील ओमेगा-३ मेदाम्ले आणि सेलेनियम यांचे लाभ तितक्याच काळजीने मोजले. घाबरवून सोडणारा सरसकट इशारा देणे सोपे होते, परंतु त्याची किंमत लोकांनाच मोजावी लागली असती. त्यामुळे सल्ला नेमका देण्यात आला. पारा मुख्यतः बेलुगाच्या मांसातून, विशेषतः वाळवलेल्या मांसातून येतो असे दिसल्यावर, प्रजननक्षम वयातील स्त्रियांनी तेवढे मांस कमी करावे आणि त्याऐवजी सामन माशाच्या कुळातील आर्क्टिक चार हा कमी पारा असलेला मासा खावा, असे सांगण्यात आले. गरोदर स्त्रियांना हा मासा उपलब्ध करून देण्याचा कार्यक्रमही तिथे राबवला गेला.

या सगळ्याशी भारताचा आणि महाराष्ट्राचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो थेट आहे. आपल्या खेड्यांतील जुन्या पिढीला बीएचसी पावडर चांगली आठवत असेल. पिकांवर सकाळी दव असताना धुरळली जाणारी, उग्र कुबट वासाची ही भुकटी घरातील ढेकणांपासून शेतातील किडींपर्यंत सगळ्यांवर वापरली जाई, आणि काही ठिकाणी ती गॅमेक्सीन या नावानेही ओळखली जाई. तिचे रासायनिक नाव हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन, म्हणजे एचसीएच. या भुकटीत कीटक मारणारा गॅमा हा घटक फक्त १० ते १५ टक्क्यांच्या आसपास असे आणि उरलेला बहुतांश भाग अल्फा, बीटा वगैरे निरुपयोगी रूपांचा असे. म्हणजे शेतकऱ्याने पैसे मोजून शेतात टाकलेल्या पोत्यातील सुमारे ८५ टक्के माल किडीसाठी काही कामाचा नव्हता, तो केवळ हवा, माती आणि पाणी यांत जाऊन मिसळत होता.

चीन आणि भारत हे या भुकटीचे जगातील मोठे वापरकर्ते होते. अल्फा रूप हवेतून उत्तरेकडे गेले आणि थंड पाण्यात विरघळले. १९९० च्या दशकात आर्क्टिक महासागराच्या पृष्ठभागावरील पाण्यात ते दक्षिणेकडील समुद्रांपेक्षाही अधिक आढळत होते. बीटा रूप तितके उडत नाही. ते उत्तर पॅसिफिकवर पावसाबरोबर उतरले आणि सागरी प्रवाहाबरोबर बेरिंगच्या सामुद्रधुनीतून सावकाश आर्क्टिकमध्ये शिरले. एकाच पोत्यातील दोन रूपांनी दोन वेगळे मार्ग धरले, आणि त्यांपैकी एकाला दुसऱ्यापेक्षा कितीतरी वर्षे अधिक लागली. चीनने १९८३ मध्ये या भुकटीचे उत्पादन थांबवले आणि आर्क्टिकच्या हवेतील अल्फा एचसीएच लगेच घटले. भारतात तिच्यावर १९९७ मध्ये बंदी आली.

डीडीटीची गोष्ट वेगळी आहे. हिवतापाच्या डासांविरुद्ध घराच्या आतील भिंतींवर फवारण्यासाठी त्याचा वापर चालू ठेवण्याची सवलत आंतरराष्ट्रीय करारात आहे. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथील सरकारी कारखान्यातही डीडीटी तयार होत असे. हिवतापाने मरणाऱ्या मुलांचा विचार करता ही सवलत आम्हाला समर्थनीय वाटते, मात्र भिंतीवर फवारलेले आणि शेतात उधळलेले डीडीटी यांची गल्लत होऊ नये.

अंटार्क्टिका तर माणसांपासून आणखी दूर आहे. तो तरी स्वच्छ आहे का?

विल्यम स्लेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्येच अंटार्क्टिकातील अडेली पेंग्विन आणि एका सीलच्या शरीरात डीडीटीचे अंश असल्याचे दाखवून दिले होते. तिथली प्रमाणे आर्क्टिकपेक्षा बरीच कमी आहेत, कारण जगातील बहुतेक उद्योग व शेती उत्तर गोलार्धात आहे आणि दोन गोलार्धांमधील हवा एकमेकींत सावकाश मिसळते.

२००८ मध्ये हायडी गाइझ यांच्या गटाने आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. जगभर डीडीटीचा वापर घटूनही पश्चिम अंटार्क्टिक द्वीपकल्पातील अडेली पेंग्विनमधील त्याचे प्रमाण तीस वर्षांत कमी झाले नव्हते. वितळणाऱ्या हिमनद्यांमधून दरवर्षी सुमारे १ ते ४ किलो डीडीटी किनाऱ्याच्या पाण्यात उतरत असावे, असा त्यांचा अंदाज होता. आकडा लहान वाटतो, परंतु काही दशकांपूर्वी बर्फाखाली गाडले गेलेले रसायन पुन्हा अन्नसाखळीत येत आहे, हा त्याचा अर्थ आहे.

हवामानबदलामुळे आर्क्टिकमध्येही असेच घडत आहे का?

होय. कॅनडातील अॅलर्ट आणि स्वालबार्डमधील झेपेलिन पर्वत या दोन केंद्रांवर १९९० च्या दशकापासून हवेतील या रसायनांची नियमित मोजणी होते. त्या नोंदींच्या आधारे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असे दाखवले की समुद्रावरील बर्फ मागे हटत असताना आणि तापमान वाढत असताना पूर्वी साठलेली काही रसायने पुन्हा हवेत येत आहेत. ज्या महासागराने अनेक वर्षे एचसीएच शोषून घेतले, तोच महासागर हवेतील प्रमाण घटल्यावर ते परत सोडू लागल्याचे त्याआधीच दिसले होते.

झेपेलिन केंद्र ज्या नी-ऑलेसुंद गावाजवळच्या डोंगरावर आहे, त्याच गावात भारताचे हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून कार्यरत आहे. हिमाद्री, तसेच अंटार्क्टिकातील मैत्री आणि भारती ही केंद्रे गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र चालवते. या विषयाकडे वळू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी रसायनशास्त्र, सागरविज्ञान किंवा पर्यावरणविज्ञान शिकताना या संस्थेच्या जाहिरातींवर अवश्य लक्ष ठेवावे.

इतक्या सूक्ष्म प्रमाणाची मोजणी विश्वासार्ह कशी मानायची?

जेम्स लव्हलॉक यांनी १९५० च्या दशकात क्लोरीनयुक्त संयुगे टिपणारा अतिशय संवेदनशील शोधक तयार केला आणि त्यानंतरच अशी मोजणी शक्य झाली. यंत्रापेक्षा अवघड असते ते नमुना शुद्ध ठेवणे. संशोधकाचे कपडे, जहाजाचा धूर, तळावरील जनित्र, साधी प्लास्टिकची डबी, यांतील कशातूनही नमुना दूषित होऊ शकतो. त्यामुळे बर्फ वाऱ्याच्या वरच्या बाजूने, तळापासून दूर जाऊन घेतला जातो आणि भांडी द्रावकाने धुऊन ठेवलेली असतात. रिकाम्या भांड्यांनाही नेमक्या त्याच प्रवासातून नेऊन शेवटी त्यांचीही चाचणी केली जाते. रिकाम्या भांड्यात जे सापडेल ते खऱ्या नमुन्याच्या आकड्यातून वजा होते.

पारा याच गटात मोडतो का?

नाही. पारा हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होण्याचा प्रश्नच येत नाही. कोळसा जाळल्याने आणि सोन्याच्या छोट्या खाणींतून तो मोठ्या प्रमाणावर हवेत जातो. १९९५ मध्ये अॅलर्ट येथे असे आढळले की ध्रुवीय वसंतात सूर्य उगवू लागला की हवेतील पारा काही तासांत एकाएकी नाहीसा होतो. समुद्रबर्फातून सुटणाऱ्या ब्रोमीनशी त्याची अभिक्रिया होते आणि तो बर्फावर उतरतो. पाण्यातील जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि मग तो अन्नसाखळीत चढतो. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला.

या संशोधनामुळे प्रत्यक्षात काही बदलले का?

बदलले. मे २००१ मध्ये अशा दीर्घकाळ टिकणाऱ्या रसायनांविषयीचा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार झाला, २००४ मध्ये तो अमलात आला आणि भारताने २००६ मध्ये त्याला मान्यता दिली. सुरुवातीला त्यात बारा रसायने होती, नंतर एचसीएच, एंडोसल्फान हे कीटकनाशक आणि इतर अनेकांची भर पडली. कराराच्या प्रस्तावनेत आर्क्टिकमधील मूलनिवासींना असलेल्या विशेष धोक्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. तो आपोआप आलेला नाही. नुनाविकमधील कुजुआक गावच्या शीला वॉट-क्लूटिए यांनी इनुइट लोकांच्या वतीने वाटाघाटींत हा मुद्दा लावून धरला. १९९९ मध्ये नैरोबीच्या बैठकीत त्यांनी आई आणि बाळाचे इनुइट शिल्प संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या प्रमुखांना भेट दिले, आणि पुढील बैठकांत ते अध्यक्षांच्या मेजावर ठेवले जात असे. नुनाविकमधील गरोदर स्त्रियांच्या रक्तातील पीसीबी आणि डीडीटीचे अंश त्यानंतरच्या वर्षांत लक्षणीयरीत्या घटले. यात बंदीचा वाटा आहे आणि बदललेल्या आहाराचाही आहे.

नव्या रसायनांचे काय?

जॉन गीसी आणि कुरुंथाचलम कन्नन यांनी २००१ मध्ये जगभरच्या वन्यजीवांत, ध्रुवीय अस्वलांतसुद्धा, पीएफओएस हे फ्लोरिनयुक्त रसायन असल्याचे दाखवले. डाग न पडणारे कापड आणि आग विझवणारा फेस यांसाठी ते वापरले जाई. ते चरबीऐवजी रक्तातील व यकृतातील प्रथिनांना चिकटते, त्यामुळे चरबीवर बेतलेले जुने आडाखे इथे लागू पडत नाहीत. एका रसायनावर बंदी आली की उद्योग त्याचेच जवळचे भावंड बाजारात आणतो आणि काही वर्षांनी तेही बर्फात सापडते. रसायन बाजारात येण्यापूर्वीच ते किती टिकते आणि किती दूर जाते हे तपासणे बंधनकारक असायला हवे, असे आमचे ठाम मत आहे.

पीसीबी आजही आपल्याकडे शिल्लक आहेत का?

जगात १९३० च्या सुमारापासून सुमारे १३ लाख टन पीसीबी तयार झाले आणि त्यांचा मोठा भाग रोहित्रे म्हणजे ट्रान्सफॉर्मर व कपॅसिटर यांच्या तेलात गेला. भारतात २०१६ च्या आदेशानुसार त्यांचा वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पूर्णपणे थांबवायचा होता, आणि स्टॉकहोम करारानुसार अशा साठ्यांची शास्त्रीय विल्हेवाट लावण्याची मुदत २०२८ पर्यंत आहे. जुनी उपकरणे भंगारात काढताना त्यातील तेल जमिनीवर ओतणे, दुसऱ्या तेलात मिसळून विकणे किंवा उघड्यावर जाळणे अत्यंत घातक आहे. अपुऱ्या तापमानाला जाळल्यास पीसीबीपासून फ्युरान आणि डायॉक्सिन ही त्याहूनही विषारी संयुगे तयार होतात. जुन्या उपकरणातील तेलाविषयी शंका असल्यास ते भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्याची प्रयोगशाळेत चाचणी करून घ्यावी आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून विल्हेवाटीची अधिकृत सोय विचारून घ्यावी.